ओठांना मुंग्या आल्या, तर थांबू नका

तिसऱ्या, मुळे, शिवल्या, खुबे, कालवं, काकई, शिनाणे. तुमच्या गावात यातलं जे नाव चालतं ते धरा आणि पुढचं सगळं त्याच नावाने वाचा. ही खाल्ल्यावर तासा-दोन तासांत ओठांना, जिभेला, तोंडाभोवती मुंग्या यायला लागल्या, तर वाट बघत बसू नका. ‘पित्त झालं असेल, जरा पडलं की बरं वाटेल’ म्हणून पांघरूण घालू नका. १०८ ला फोन करा. नाहीतर दारात जी गाडी असेल तिच्यात माणसाला बसवा आणि व्हेंटिलेटर असलेल्या इस्पितळाची वाट धरा. एवढं लक्षात राहिलं तरी हे आवाहन वाया गेलं नाही. बाकीचं सावकाश वाचा, पण वाचा.

आज अमक्या खाडीत विष सापडलं, असं काही माझ्या कानावर आलेलं नाही. अफवा पसरवायची नाही, आणि कुणाच्या टोपलीवर पाणीही ओतायचं नाही. पण श्रावण आणि गणपती उरकले की आपल्या घरांना मासळीची कशी ओढ लागते, हे मी तुम्हाला सांगायला नको. पापलेट-सुरमईचे भाव ऐकूनच पोट भरतं, आणि खाडीतल्या तिसऱ्यांना पैसे लागत नाहीत. ओहोटीची वेळ ठाऊक हवी आणि कंबर वाकायला हवी. नेमक्या याच दिवसांत, १९९७ च्या सप्टेंबरमध्ये, केरळात तिरुवनंतपुरमजवळ विझिंजमच्या किनारपट्टीवर सात माणसं गेली आणि पाचशेहून अधिक लोकांना इस्पितळात न्यावं लागलं. त्यांनी खाल्लं होतं खडकाला चिकटून वाढणारं तपकिरी शिंपलं. तिकडे त्याला चिप्पी म्हणतात; आपल्या काकईचं ते सख्खं भावंड. खाणारे कुणी हौशी पर्यटक नव्हते. समुद्राच्या काठी जन्मलेली, आजीच्या हातची चिप्पी खाऊन वाढलेली माणसं होती ती.

त्याच्या आधी १९८३ च्या एप्रिलमध्ये मंगळूरच्या पुढे, कुंबळ्याच्या बाजूला, खाडीतल्या शिंपल्या खाऊन लोक आजारी पडले आणि एक मुलगा दगावला. त्याही आधी १९८१ मध्ये तमिळनाडूत तिघे गेले, ऐंशीच्या वर माणसं आजारी पडली. एक घटना एप्रिलची, एक सप्टेंबरची. तेव्हा अमुक महिन्यात खावं, तमुक महिन्यात खाऊ नये, असा सोपा हिशेब इथे चालत नाही. आणि मंगळूरला जे पाणी लागतं तेच वेंगुर्ल्याला लागतं. समुद्राला तालुक्याची हद्द नसते.

हे विष शिंपल्याचं स्वतःचं नसतं. ते येतं त्याच्या अन्नातून. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं, एकाच पेशीचं शैवाल असतं. त्याला समुद्राचं गवतच म्हणा. बांगडा, तारली, जवळा, सगळं त्याच्या जिवावर उभं आहे, त्यामुळे सरसकट त्याच्या नावाने बोटं मोडू नका. त्यातल्या डायनोफ्लॅजेलेट नावाच्या गटातल्या काही मोजक्या जाती मात्र सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ऊन, खालून वर आलेलं पोषक पाणी, नदीतून वाहून आलेला गाळ आणि खत असं सगळं जुळलं की या जाती भराभर वाढतात. परिस्थिती बिघडली की काही जाती टणक कवचाचं बीज करून तळाच्या चिखलात वर्षानुवर्षं निजून राहतात, आणि पुन्हा दिवस फिरले की उठतात. म्हणजे दहा वर्षं काही झालं नाही, यावरून अकराव्या वर्षाची हमी देता येत नाही.

शिंपलं बसल्या जागेवरून हलत नाही. तासन् तास पाणी आत घेतं, त्यातलं खाण्याजोगं गाळून ठेवतं, पाणी बाहेर सोडतं. गाळताना विषारी शैवाल आणि साधं शैवाल असा भेद ते करत नाही. विष त्याच्या अंगात साठत जातं आणि त्याचं स्वतःचं फारसं काही बिघडत नाही. ते टवटवीत राहतं, बोट लावलं तर झटकन मिटतं, कालवणात गोड लागतं. समुद्र निवळल्यावर काही जातींच्या अंगातून विष काही आठवड्यांत उतरतं, काहींच्या अंगात महिनोन् महिने राहतं. सॅक्सिटॉक्सिन हे नावच अलास्काच्या ज्या शिंपल्यावरून पडलं, ते तर हे विष दोन-दोन वर्षं धरून ठेवू शकतं.

केंड मासा जाळ्यात आला तर आपले गाबीत काय करतात? शिव्या घालून परत पाण्यात फेकतात. केंड विषारी, हे पोरालाही ठाऊक असतं. त्याचं विष आणि हे विष शरीरात एकाच जागी घाव घालतात: नसांतून निरोप जाण्याची जी सूक्ष्म दारं असतात, ती बंद करून टाकतात. निरोप थांबला की स्नायू थांबतात, आणि शेवटी श्वासाचा पडदा थांबतो. पण केंडाची बदनामी आहे, तिसरीची नाही. तिसरी आपली लाडकी. इथेच घात होतो.

आता जे सांगायचंय ते स्वयंपाकघराबद्दल. माझी आत्या मुळे निवडायला बसली की आम्हा पोरांना शेजारी बसवायची. उघडा मुळा दिसला की दुसऱ्या मुळ्यावर आपटायचा. मिटला तर जिवंत, नाही मिटला तर मेलेला, उकिरड्यावर फेक. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचे, म्हणजे रेव सोडतात. चिखलाचा वास आला तर ती खाडी त्या आठवड्यात बंद. या तिन्ही गोष्टी बरोबर आहेत आणि मी आजही तशाच करते. मेलेलं शिंपलं पोट बिघडवतं, ते आत्याच्या परीक्षेत सापडतं. सॅक्सिटॉक्सिन असलेलं शिंपलं सापडत नाही, कारण ते पूर्ण निरोगी असतं. मिठाच्या पाण्यात रेव सुटते. विष सुटत नाही, ते मांसात मुरलेलं असतं. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. लसूण काळी पडते, चांदीचं नाणं काळं पडतं, अशा खुणा जगात ठिकठिकाणी सांगतात. त्यातली एकही खरी नाही.

मग उकळून? नाही. तळून, भाजून, सुकवून, फ्रीजरमध्ये ठेवून? नाही. शिजवल्याने जंतू मरतात, हे जंतू नव्हेत. हा रेणू आहे, आणि आपल्या चुलीची आच त्याला पुरत नाही.

‘पण आम्ही कोकम घालतो, त्रिफळं घालतो,’ असं मला एका बाजारात एक बाई म्हणाली. तिचा विश्वास मला अगदी आतून कळला, कारण आंबटाने वाईट मरतं हे आपल्या रक्तात आहे. तिला मी सांगितलं ते इथेही सांगते. प्रयोगशाळेत हे विष मोजायची जी जुनी, जगभर मान्यता मिळालेली पद्धत आहे, तिच्यात शिंपल्याचा गर वाटून तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात पाच मिनिटं उकळतात. विष मारायला नव्हे, ते बाहेर काढायला. मग तो अर्क उंदराला टोचतात आणि उंदीर किती वेळात मरतो त्यावरून विष किती हे ठरवतात. एवढंच नाही, या विषाचे काही सौम्य प्रकार आम्लात उकळल्यावर आणखी जहाल होतात. म्हणजे आंबट घालून उकळणं ही आपल्याला विष मारायची रीत वाटते, तर प्रयोगशाळेत ती विष गोळा करायची रीत आहे. कोकमाचं आगळ त्या आम्लापुढे किती पातळ, हे वेगळं सांगायला नको.

आणि रस्सा. हे विष पाण्यात विरघळतं. तिसऱ्या उकडल्यावर त्यांचं जे पाणी सुटतं, ते आपण फेकत नाही. सगळी चव त्याच्यात, म्हणून तेच कालवणात घालतो. ‘तुला नकोत तिसऱ्या तर राहू देत, रस्सा-भात जेव’ असं म्हणून लहान मुलाच्या ताटात आपण वाढतो ते तेच पाणी. १९८७ मध्ये ग्वाटेमालाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर चँपेरिको इथे शिंपल्यांचं सूप पिऊन १८७ जण आजारी पडले आणि २६ मेले. मोठ्यांपेक्षा लहान मुलांत मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. सहा वर्षांखालची जी मुलं आजारी पडली, त्यांतली निम्मी गेली. मुलाचं वजन कमी, म्हणून त्याला पुरणारं विषही कमी. मोठ्या माणसाचा जीव जायला एक ते चार मिलिग्रॅम, म्हणजे फोडणीतल्या राईच्या एका दाण्याच्या वजनाइतकं, पुरतं. लहान मुलाला त्याहून कमी.

तेव्हा पहिलं मागणं हे: शंका असलेल्या तिसऱ्या शिजवून सुरक्षित होतील, हा भरवसा सोडा. सुगरणीच्या हाताला इथे यश नाही.

शंका कधी घ्यायची? पाणी नेहमीपेक्षा तांबूस, तपकिरी, गढूळ हिरवं किंवा सायीसारखं दाट दिसलं, किनाऱ्याला मेलेले मासे लागले, समुद्रपक्षी लुळे पडलेले दिसले, शेजारच्या गावात शिंपल्या खाऊन कुणी आजारी पडलं, तर त्या दिवसापासून त्या खाडीतलं, त्या खडपावरचं एकही शिंपलं उचलू नका. आणि ‘आठवडा झाला, आता चालेल’ हे आपल्या अंदाजाने ठरवू नका. पण याची दुसरी बाजूही ऐका, कारण इथे बरेच जण फसतात. पाणी लाल झालं म्हणजे विष आहेच असं नाही, आणि निळंशार, नितळ पाणी दिसलं म्हणजे विष नाही असंही नाही. घातक जाती पाण्याला रंग येण्याइतक्या वाढण्याच्या कितीतरी आधी शिंपल्यात विष साठू लागतं.

२०२० च्या नोव्हेंबरात जुहूपासून देवगडपर्यंत रात्रीच्या लाटा निळ्या चमकल्या, आठवतं? लोक पोरंबाळं घेऊन बघायला गेले, मीही गेले होते, आणि खरं सांगायचं तर डोळ्यांचं पारणं फिटलं. ते काम नॉक्टिल्युका नावाच्या जिवाचं. तो सॅक्सिटॉक्सिन करणाऱ्यांपैकी म्हणून ओळखला जात नाही. त्याच्या अंगात अमोनिया साठतो, हा जीव दाट वाढला की पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे दूर पळतात. तेव्हा लाटा चमकल्या म्हणून घरात ओरड करायला नको. पण समुद्रात काहीतरी बदललं आहे, याची ती मोठी खूण आहे, आणि अशा दिवसांत खाडीतल्या शिंपल्यांना हात लावायच्या आधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात विचारावं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून शैवालाच्या वाढीवर नजर ठेवते आणि माहिती देते. पण उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो. तुमच्या टोपलीतलं विष दिसत नाही.

घाबरून सगळी मासळी सोडायची गरज नाही, हे मी मुद्दाम ठळकपणे लिहिते. अशा बातम्यांनी पहिला फटका बसतो तो टोपली घेऊन दारावर येणाऱ्या मावशीला. बांगडा, सुरमई, बोंबील यांच्या मांसात हे विष साठत नाही. शैवाल वाढल्याची शंका असेल त्या काळात मासा नीट साफ करावा, कल्ले आणि आतडी काढून टाकावीत, तारलीसारखी लहान मासळीसुद्धा पोटासकट खाऊ नये. चिंबोरीचं मांस चालेल, तिच्या पोटातला पिवळट मऊ भाग त्या दिवसांत टाकून द्यावा. जवळ्याबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी. फिलिपिन्समध्ये १९८३ पासून अशा विषबाधांचा मोठा तडाखा बसला आणि आता तिथलं सरकारी मत्स्य खातं नियमितपणे पत्रक काढून कोणत्या खाडीतल्या शिंपल्या खाऊ नयेत हे जाहीर करतं. त्या बंदीत शिंपल्यांच्या जोडीला जवळाही असतो, कारण तो सबंध खाल्ला जातो, पोटातल्या शैवालासकट. आपल्याकडे असं पत्रक निघत नाही, म्हणून ही अक्कल आपणच उसनी घेऊ.

आजाराची वाट साधारण अशी असते. आधी ओठ, जीभ, मग चेहरा, मान, बोटांची टोकं यांना मुंग्या आणि बधिरपणा. अंग हलकं, तरंगल्यासारखं वाटतं. मळमळ होते किंवा होतही नाही. जीभ जड होते, बोलणं अडखळतं, चालताना झोक जातो. रविवारची बैठक असेल तर बाकीचे हसतात, ‘आज जरा जास्तच झाली’. हा गैरसमज जीव घेऊ शकतो. मग हातपाय ढिले पडतात, गिळता येत नाही, श्वास उथळ होतो. यातली सगळ्यात भीषण गोष्ट ही, की माणूस बहुतेक वेळा शुद्धीत असतो. हलता येत नाही, बोलता येत नाही, पण भोवतालची रडारड ऐकू येत असते. या विषावर उतारा नाही. ताक, तूप, लिंबूपाणी, मंतरलेला दोरा, काही उपयोगाचं नाही, आणि गिळता न येणाऱ्याच्या तोंडात काही ओतलं तर ते श्वासनलिकेत जाईल. उपाय एकच: श्वास बंद पडला तर यंत्राने तो चालू ठेवणं, शरीर स्वतः विष बाहेर टाकेपर्यंत. पहिले बारा तास काढले की धोका उतरत जातो, आणि चोवीस तास काढलेला माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. इतक्या भयंकर गोष्टीचा इतका सरळ इलाज आहे, फक्त तो वेळेत गाठायला हवा. कोकणातले घाटरस्ते आणि इस्पितळांची अंतरं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. म्हणून पहिल्या मुंगीला निघा. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहा.

शैवालाची आणखीही विषं आहेत. एकाने नुसते जुलाब-उलट्या होतात आणि ते ‘बाहेरचं खाल्लं’ या नावाखाली खपून जातं, दुसऱ्याने स्मृतीवर परिणाम होतो. त्यांच्या तपशिलात आज शिरत नाही. जीव तासाभरात टांगणीला लावतं ते हे पहिलं.

तिसऱ्या विकणाऱ्या बायांनो, तुम्हाला विनंती आहे. वाटा लावताना कुठल्या खाडीतल्या ते विचारणाऱ्याला खरं सांगा, आणि दोन खाड्यांचा माल एकत्र मिसळू नका. पाणी बदललेलं तुम्हाला सगळ्यात आधी दिसतं, आम्हाला नाही. ते दिसलं की त्या दिवसाचा धंदा बुडतो हे खरं आहे. पण एका घरी मयत झालं तर वर्षभर बाजारात तिसरीला कुणी हात लावणार नाही. ग्रामपंचायतींनो, असं काही दिसलं तर जेट्टीवर फळा लावा, गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका, मशिदीच्या आणि देवळाच्या भोंग्यावरून सांगा. चाकरमान्यांनो, गावाहून एसटीने आलेला डबा परळ-डोंबिवलीला उघडला जातो तेव्हा खाडी तीनशे मैल मागे राहिलेली असते, विष नाही.

डॉक्टरमंडळींनो, समुद्रकाठच्या गावातला माणूस ओठ बधिर झाल्याची तक्रार घेऊन आला, तर ‘टेन्शन’ म्हणून परत पाठवण्याआधी त्याने काल-आज काय खाल्लं ते विचारा. हा प्रश्न मोफत आहे.

आणि सरकारला. शिंपल्यांत किलोमागे ०.८ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सॅक्सिटॉक्सिन नसावं, ही मर्यादा कोडेक्स या अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेने घातलेली आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही शिंपल्यांसाठी मर्यादा आहे. नियम आहे, पण रस्त्याकडेला वाट्याने विकल्या जाणाऱ्या तिसऱ्यांचा नमुना कुणी घेतलेला मी आजवर पाहिलेला नाही. परदेशी ग्राहक तपासलेला माल मागतो आणि मिळवतो. मग आचऱ्याच्या किंवा दाभोळच्या माणसाने का मागू नये? मोठ्या खाड्यांतले नमुने नेमाने तपासावेत, निकाल मराठीत, गावात वाचता येईल अशा जागी लावावेत. पणजीजवळ दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, या किनाऱ्याला हे ज्ञान परकं नाही. तुमच्या आमदाराला, जिल्हा परिषद सदस्याला पुढच्या भेटीत हे एक वाक्य विचारा: आमच्या खाडीतल्या तिसऱ्या शेवटच्या कधी तपासल्या?

शेवटचं काम घरातलं. कुणाला त्रास सुरू झाला आणि गाडी निघाली, तर मागे राहिलेल्याने पातेलं घासायला घेऊ नये. उरलेलं कालवण आणि टाकलेल्या शिंपा एका डब्यात भरा, झाकण घट्ट लावा, वर ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी चिकटवा आणि फ्रीजमध्ये ठेवा. तपासणीला तेच लागेल. मांजरालाही घालू नका. मग त्याच टोपलीतल्या तिसऱ्या आणखी कुणाकुणाकडे गेल्या, ते आठवा आणि एकेकाला फोन लावा. रात्रीचे अकरा वाजले असले तरी लावा. उशिरा जेवणारी घरं असतात.